कॅमवरचा डाग

"मग मला घोंगडी कधी देणार, बुवा?"

निरंजनबुवा अंगणात बसून राखेने तांब्या घासत होते.

मठाची रीत अशी, की डोंगरावरच्या गुहेत एकांताला जाणाऱ्याला बुवा आपल्या हाताने घोंगडी देत. घोंगडी मिळाली म्हणजे परवानगी मिळाली. विश्वंभर आल्यापासून तिच्यावर डोळा ठेवून होता.

हा विश्वंभर म्हणजे इंजिनाच्या तेलांच्या प्रयोगशाळेत उभी हयात घालवलेला रसायनतज्ज्ञ. विद्येचा तोरा नोकरीबरोबर सुटला, असं तो सांगे. सांगताना मान मात्र ताठच असे.

"गुहेत काय करशील?"

"मन स्वच्छ ठेवीन. इथे ते राहत नाही. स्वयंपाकघरात तात्या..."

तो थांबला. तात्या परांडे मठाचा स्वयंपाक बघत आणि विश्वंभर त्यांच्या हाताखाली राबे. मीठ जास्त, जाळ कमी, भोपळा जाड चिरलास... तात्यांच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. काल विश्वंभरचा तोल गेला आणि त्याने झारा भिरकावला. तात्यांच्या कानाजवळून तो भिंतीवर आदळला.

"मला माझीच भीती वाटते, बुवा. इथे राहिलो तर एक दिवस माझ्या हातून भलतंच घडेल."

बुवांनी तांब्या बाजूला ठेवला.

विहिरीवरचं इंजिन बिघडलं होतं. मिस्त्री ते खोलून एक भाग आणायला तालुक्याला गेला होता. अंगणातच गोणपाटावर कॅमशाफ्ट पडला होता, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा पोलादी दांडा. बुवांनी तो मांडीवर घेतला. त्याच्या उंचवट्यांवर, म्हणजे कॅमवर, निळसर तपकिरी डाग होते. बुवांनी काथ्या राखेत बुडवला आणि डाग खसाखसा घासायला सुरुवात केली.

"अहो बुवा, काय करताय!"

विश्वंभरने चक्क गुरूचं मनगट धरलं. आपण काय केलं हे कळल्यावर तो ओशाळला, पण मनगट काही सोडलं नाही.

"मळ आहे," बुवा म्हणाले.

"मळ नाही तो. त्याच्यावरच तर दांडा टिकलाय. तेलात आम्ही काही द्रव्यं घालतो, अ‍ॅडिटिव्ह म्हणतात. त्यांचा थर आहे हा, केसाहून कितीतरी पातळ. पोलादाला पोलाद थेट भिडू देत नाही. स्वतः झिजतो, पोलादाला झिजू देत नाही."

"झिजून संपला की?"

"पुन्हा धरतो. इंजिन चालतंय आणि तेलात द्रव्य आहे तोवर धरत राहतो."

बुवांनी दांड्याच्या दोन उंचवट्यांमधल्या भागावरून बोट फिरवलं. तो भाग नवा असल्यासारखा चकचकीत होता.

"इथे नाही धरला?"

"तिथे काही घासतच नाही. दाब हवा, घर्षण हवं, ऊब हवी. त्याशिवाय तो नीट धरत नाही."

"तेल उत्तम असलं तरी?"

"तेल कितीही उत्तम..."

विश्वंभरची नजर डोंगरावरच्या गुहेकडे गेली आणि तो अडखळला. त्याचा हात आपोआप सुटला.

बुवा काथ्यातली राख झटकत राहिले.

...

विश्वंभरला हार जाणं ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "पण बुवा, कोरडं घासलं तर थर धरत नाही. दोन्ही पोलादं एकमेकांना ओरबाडतात. माझ्यात तेलच नसेल तर?"

वादासाठी विचारायला गेला आणि खरंच विचारून बसला.

"काल झारा फेकल्यावर तू कुठे गेलास?"

"...गोठ्यामागे."

"कशाला?"

विश्वंभरने मान खाली घातली. गोठ्यामागे तो ओक्साबोक्शी रडला होता. कुणी पाहिलं नाही, अशी त्याची समजूत होती.

"कोरडा माणूस गोठ्यामागे जात नाही," बुवा म्हणाले.

ते उठले आणि आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात घोंगडी होती. काळी, नवी, लोकरीचा वास येणारी. त्यांनी ती विश्वंभरच्या ओंजळीत ठेवली.

जिच्यासाठी विश्वंभर इतके दिवस झुरला, ती हातात आली आणि आता ती घेऊन डोंगराकडे पाऊल उचलेना.

"निघू, बुवा?"

"नीघ. तात्याच्या अंगात सकाळपासून कणकण आहे. ही त्याच्या अंगावर घाल, आणि तो काय बोलेल ते ऐकत बस."