हवेच्या वाटेतलं घर

ट्रक पेट्रोल पीत होते त्या काळी घाटाच्या पायथ्याशी, चिंचेखाली एक म्हातारा ट्रक उभा होता. मालक रंगराव आजारी पडला होता. इंजिनाला हवा आणि पेट्रोल मिसळून देणाऱ्या त्याच्या कार्बोरेटरला रस्त्याची फार ओढ लागली होती. एके दिवशी त्याच्या हवेच्या बारीक छिद्रात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं. "माझं लेकरू आत निजलंय," ती म्हणाली, "उडेपर्यंत सांभाळशील ना?" कार्बोरेटर हो म्हणून बसला.

रंगराव बरा होऊन आला. इंजिन चालू व्हायचं, पण ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की आचके देऊन बंद पडायचं. दस्तगीर मिस्तरी कार्बोरेटरचा स्क्रू पिळून पिळून थकला, पण छिद्रात काही डोकावला नाही.

"अरे, खोकून टाक ती माती!" स्क्रू चिडला. "माझे आटे झिजले. भंगारात जाऊ आपण!"

"जाऊ," कार्बोरेटर म्हणाला. "पण शब्द दिलाय." आणि घाट चढणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकत राहिला.

शेवटी मिस्तरीच म्हणाला, "रंगराव, विका आता."

भंगारवाला यायचा होता त्याच सकाळी माती फुटून गळून पडली. लेकरू पंख वाळवून उडालं, मागे वळूनही न बघता. रंगरावानं शेवटची म्हणून चावी फिरवली, पाय काढला, तरी इंजिन संथपणे चालतच राहिलं.

ट्रक पुन्हा घाटाला लागला. आता तो कुठेही थांबला तरी बंद पडत नसे. फक्त त्या छिद्रातून वारा आत शिरला, की कार्बोरेटर हळूच विचारायचा, "आलंस का रे बाळा?"