शिंप्याच्या परसातले फालसे

फार जुनी गोष्ट आहे. लहानांनी मांडी घालून ऐकावी, मोठ्यांनी ऐकत नसल्यासारखं करून ऐकावी.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक शिंपी होता. माघातल्या एका सकाळी तो ओसरीवर बसून एका अंगरख्याला बंद लावत होता. शेजारच्या कुंभारणीची शेळी नेहमीप्रमाणे खाली पडलेली चिंधी चघळत होती आणि तो नेहमीप्रमाणे तिला हाकलत होता. तेवढ्यात एक वाटसरू आला. शिंप्याची बायको बहिणीच्या बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. तिथे तिला ताप आला आणि त्यातच ती गेली, एवढंच त्याला सांगायचं होतं. शिंप्यानं त्याला प्यायला पाणी दिलं. शेळीनं चिंधी संपवली.

घरामागच्या परसात बायकोनं लावलेली फालशाची दोन झुडपं होती. एक विहिरीपाशी, एक मागच्या दाराशी. पौषात ती छाटलेली होती, त्यामुळे त्या दिवशी तिथे गुडघाभर खुंटांशिवाय काहीच नव्हतं.

त्या गावात फालसे घरोघरी होते आणि त्यांची एक रीत होती. पौषात झुडूप छाटायचं, पण ज्याचं त्यानं नाही; शेजाऱ्यानं छाटायचं. आपल्या झाडावर आपला हात चालत नाही. ही फांदी सरळ आहे, ती फांदी गुणाची आहे, असं करता करता संध्याकाळ होते आणि कोयता कोरडाच घरी येतो. शेजाऱ्याला अशी अडचण नसते. त्यातून त्या वर्षी दोन घरांचं भांडण झालेलं असलं, तर छाटणी फारच उत्तम होई. म्हणून गावात म्हणत, की भांडखोर शेजार असावा, फालसे भरघोस येतात.

आणखी एक रीत होती. अक्षय्य तृतीयेला प्रत्येक घरानं आपल्या गेलेल्या माणसाच्या नावानं दाराशी फालशाच्या सरबताचा माठ ठेवायचा. येणाऱ्या-जाणाऱ्यानं प्यायचं आणि जांभळी जीभ घेऊन पुढे जायचं.

त्या वैशाखात शिंप्यानं बायकोच्या नावानं पहिल्यांदा माठ ठेवला. खुंटांना नवे धुमारे फुटले होते आणि फळ उदंड आलं होतं. माठ काठोकाठ भरला. शिंप्याला वाटलं, हे तिचंच देणं.

म्हणून पुढच्या पौषात कुंभारीण कोयता घेऊन आली, तेव्हा तो दोन्ही हात पसरून झुडपापुढे उभा राहिला.

"भावजी, बाजूला व्हा."

"वहिनी, कोयता घरी ठेवून या."

"कोयता घरी ठेवून मी काय दातांनी छाटू?"

"छाटायचंच नाही. तिनं लावलेलं आहे."

कुंभारणीनं पुष्कळ सांगितलं, पण दिवसभर कात्री चालवणारा तो माणूस एका डहाळीवर कात्री चालवू देईना. उलट त्यानं झुडपांना तांदळाचं धुवण घातलं. थंडी वाजू नये म्हणून दोघांना अस्तर लावलेल्या बंड्या शिवल्या. गावातली माणसं बंड्या बघायला येत आणि जाताना मापं देऊन जात.

झुडपं माजली. पाला दाट झाला, फळं मात्र मोजकी आणि हरभऱ्याएवढी आली. माठात पाणीच जास्त होतं. वाटसरू भले होते. "वा," ते म्हणाले, "पाणी गोड आहे हो गावचं."

त्यापुढच्या पौषातही त्यानं कुंभारणीला परत पाठवलं. आता विहिरीपाशी जे होतं ते झुडूप नव्हतं, गवताची गंजी होती. आत घरटं केलेली बुलबुलीण नवऱ्याला म्हणाली, "माडी ऐसपैस झाली, पण ताटात काही नाही."

"शेंड्याला चार फळं आहेत," बुलबुल म्हणाला, "उद्या आपलीच."

शिंप्यानंही ती चार फळं पाहिली होती. दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीया होती आणि माठ रिकामा होता. बायकोच्या नावाचा माठ कोरडा राहणार, या विचारानं तो शिडी लावून वर चढला. शिडी सरकली, धोतर फांद्यांत अडकलं आणि शिंपी वाळत घातलेल्या कपड्यासारखा लोंबकळू लागला. बुलबुलांनी तेवढ्यात फळं संपवली.

हाका ऐकून अख्खा गाव जमला. कुंभारीण कोयता घेऊनच आली.

"भावजी, फांदी कापते."

"फांदीला हात लावायचा नाही!"

"मग धोतर कापावं लागेल."

"कापा धोतर!"

शिंप्याच्या तोंडून हे ऐकून गावानं एकमेकांकडे पाहिलं. धोतर कापलं. शिंपी खाली पडला, उरलेल्या अर्ध्या धोतरानिशी उठून बसला.

"एक सांगू?" कुंभारीण म्हणाली. "धोतर आता वाढायचं नाही. फांदी वाढली असती."

लोक हसले. शिंपीही हसला, पण त्याचं हसू अर्ध्यात थांबलं. "वहिनी, तिच्या हातचं एवढंच राहिलंय हो."

कुंभारीण विहिरीच्या काठावर टेकली. "ताई होत्या तेव्हाच्या सगळ्या फांद्या मी त्या गेल्या त्याच्या आदल्याच पौषात छाटल्या, भावजी. त्यांवर भाकऱ्या भाजल्या. तुम्ही ज्यांना जपताय, त्या ताईंनी पाहिलेल्याही नाहीत."

शिंप्यानं वर पाहिलं.

"मग तिचं काय राहिलं?"

"मूळ. त्याला कोण कोयता लावतंय?"

त्या पौषात शिंपी झुडपाकडे पाठ करून उभा राहिला. "झालं का?" तो विचारी.

"अजून पदर खोचतेय."

"आता झालं का?"

"भावजी, बाजारात जाऊन या."

विहिरीपाशी गुडघाभर खुंट उरले. कुंभारीण दाराशी असलेल्या झुडपाकडे वळली, तेव्हा शिंपी हळूच म्हणाला, "ते पुढल्या वर्षी बघू." तिनं त्याच्याकडे पाहिलं, कोयता पदराला पुसला आणि ती निघून गेली.

वैशाखात विहिरीपाशी फळांनी धुमारे वाकले. माठ भरला, बुलबुलांचंही पोट भरलं. एका वाटसरूनं जांभळ्या जिभेनं विचारलं, "सरबत कुणाच्या हातचं?"

"आमच्या घरातलीचं," शिंपी म्हणाला.

बोध इतकाच, की माया करावी, पण कोयत्याला दाराबाहेर ठेवून करू नये.

दाराशी असलेलं झुडूप मात्र छाटायचं राहिलं.