अप्पांची गाडी

एकदा एका कापडव्यापाऱ्यापुढे मोठा पेच उभा राहिला. श्रीधर शेटे हे त्याचे नाव. सहा वर्षांपूर्वी वडील, म्हणजे अप्पा, वारले, तेव्हा त्यांची दुधी रंगाची जुनी मोटार त्याच्याकडे आली. श्रीधरने ती जिवापाड जपली. पावसाळ्याआधी तो तिला खालून गंज लागू नये म्हणून रंग देववी, वायपरची रबरे बदलवी. थंडीच्या तोंडावर बॅटरी तपासून घेई. उन्हाळ्यात रेडिएटरचे पाणी स्वतः पाही. रस्त्यावर मात्र ती क्वचितच येई.

यंदा गॅरेजवाल्याने हात टेकले. "शेठ, हिचे पार्ट कुठंच मिळेनात. आता नवी घ्या." श्रीधर तीनदा शोरूमच्या दारापर्यंत गेला आणि तीनदा माघारी फिरला. दारात नवी गाडी उभी राहिली की अप्पा पुन्हा एकदा जातील, अशी त्याला धास्ती वाटे.

अखेर तो देवस्थळी गुरुजींकडे गेला. त्यांनी त्याला शाळेत शिकवले होते, आणि अप्पांचे ते जवळचे स्नेही होते. सारी हकिगत सांगून त्याने विचारले, "गुरुजी, गाडी ठेवू की बदलू?"

गुरुजी म्हणाले, "उद्या सकाळी ती घेऊन ये. अंबूच्या गावाला जाऊ."

श्रीधर चपापला. अंबूआत्या, अप्पांची धाकटी बहीण, श्रावणातच वारली होती. "पण आत्याच्या घराला कुलूप आहे, गुरुजी."

"ठाऊक आहे मला."

पहाटे पाऊस पडून गेला होता. गुरुजी चिखलाच्या पायांनीच गाडीत शिरले. श्रीधरने लगबगीने त्यांच्या पायांखाली वर्तमानपत्र अंथरले. गुरुजींनी ते उचलले, घडी घातली आणि मुकाट्याने त्याच्या हाती दिले. श्रीधर ओशाळला. वाटेत एकेक खड्डा आला की तो गाडी मुंगीच्या पावलांनी नेई. गुरुजी खिडकीबाहेर पाहत राहिले.

कुलूपबंद घरासमोर गाडी थांबली, तशी शेजारची म्हातारी बाहेर आली. गाडीकडे आणि मग श्रीधरकडे पाहून ती म्हणाली, "तू अंबूचा भाचा न्हवं? लई उशीर केलास, लेकरा. एस्टीनं जाणं थांबलं तवापास्नं दर भाऊबीजेला पिशवी भरून बसायची ती हितं वट्यावर. म्हणायची, दादा न्हाई तर दादाची गाडी यील. ऊन डोक्यावर आलं की गुमान उठून आत जायची."

भाऊबीजेआधी आत्या दर वर्षी न्यायला ये म्हणून फोन करी आणि श्रीधर दर वर्षी एकच उत्तर देई: "रस्ता फार खराब आहे गं, गाडीला सोसायचा नाही. तू एस्टीनं ये ना." दोन वर्षे ती आली. पुढे गुडघे धरले आणि तिचे येणे थांबले.

तो ओट्यावर बसला. गुरुजी शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "तुझ्या अप्पांनी ही गाडी घेतली, त्या दिवशी मी बरोबर होतो. पहिल्यांदा ती इथेच आली. भाऊबीजेला बहिणीला एस्टीत उभ्याने यावे लागते, हे त्यांच्या मनाला लागले होते. तू गाडी जपलीस, त्यात माया होती. ती खोटी होती असे मी म्हणणार नाही. पण अप्पांनी तुझ्यावर सोपवले होते ते हे काम, बाळ. गाडी त्या कामासाठी होती."

श्रीधरने विचारले, "मग आता नवी घेऊ?"

"घे, किंवा हीच ठेव. अंबूला आता त्याचे काय?"

दोघे परत निघाले.

दिवाळीआधी श्रीधरने नवी गाडी घेतली. तिची धास्ती वाटली नाही, आणि आनंदही झाला नाही. भाऊबीजेच्या सकाळी किल्ली हातात घेऊन तो दारात उभा राहिला. अप्पांचे काम त्याला आता कळले होते, पण त्यांच्या बाजूचे, आणायला जावे असे कोणीच उरले नव्हते. मग तो घरात वळला आणि पत्नीला म्हणाला,

"तुझ्या मावशी एकट्याच असतात ना सांगलीला? त्यांना फोन कर. म्हणावं, मी न्यायला निघालोय."