ओळखीचा वाटलेला शब्द

फार पूर्वी एका नदीच्या अलीकडच्या काठावर मराठी बोलत आणि पलीकडच्या काठावर कन्नड. अलीकडच्या गावातली एक मुलगी लग्न होऊन पलीकडे गेली. नवऱ्याला दोन्ही भाषा येत होत्या. सासूला मात्र कन्नडशिवाय काहीच येत नव्हतं.

सुरुवातीला सून गप्प गप्पच असायची. मग एकदा ताटात तूप वाढताना सासू 'तुप्पा' म्हणाली आणि सुनेने कान टवकारले. तिने लक्ष देऊन ऐकायला सुरुवात केली. मडक्याला इकडेही 'मडके'च म्हणत. कात्री म्हणजे 'कत्तरी', अंगण म्हणजे 'अंगळा'. सासूला हाक मारायची 'अत्ते'. म्हणजे ही तर आपली आत्याच की!

परक्या गावात माहेरची माणसं भेटावीत, तसं तिला झालं. एका शब्दाचा हात धरून ती दुसऱ्यापर्यंत पोचायची. बघता बघता ती शेजारणींशी गप्पा मारू लागली. "इतक्या लवकर आमची भाषा कुणी शिकलेलं पाहिलं नाही बाई," असं त्या म्हणत.

नवऱ्यालाही कौतुक होतं, पण एकदा तो म्हणाला, "शब्द सारखा वाटला, तरी एकदा विचारत जा. इथे 'कोळी' म्हणजे कोंबडी आणि 'तायी' म्हणजे आई."

"असतील असे दोन-चार," ती हसून म्हणाली. "बाकी सगळे आपलेच आहेत."

सुगी आली तेव्हा तिला दिवस गेले होते. ओल्या शेंगांचे डोहाळे लागले होते. परसात भुईमुगाच्या उपटलेल्या वेलांचा ढीग होता. शेजारणी वेल झोडत होत्या आणि सून ढिगापाशी बसून शेंगा तोडत होती. ओटी भरली, तरी तिने पुन्हा ढिगात हात घातला.

तेवढ्यात सासू दारातून ओरडली, "हावू! हावू!"

सुनेचा हात थबकला. हाव? चार शेंगांसाठी आपल्याला हावरट म्हणावं? तेही अशा दिवसांत, चारचौघींसमोर? तिचे डोळे भरून आले.

"हो, आहे मला हाव!" ती मराठीतच म्हणाली आणि मुद्दाम हात आणखी आत खुपसला.

सासू धावत आली. तिने सुनेचा दंड धरून तिला मागे खेचलं. त्याच क्षणी वेलांतून काळा नाग उसळला आणि सासूच्या मनगटाला डसला.

सून थिजली. ओटीतल्या शेंगा घरंगळून गेल्या. ओरडायला तोंड उघडलं, पण मराठी आठवेना, कन्नड आठवेना. सासू मनगट आवळून खाली बसली आणि सुनेकडे बघत म्हणाली, "निनगे पेट्टायिता?"

यात मराठीसारखा एकही शब्द नव्हता. तरी सुनेला कळलं. सासू विचारत होती, तुला लागलं का?

नवऱ्याने आईला गाडीत घालून वैद्याकडे नेलं. म्हातारी वाचली, पण तिच्या उजव्या हाताची मूठ पुन्हा कधी नीट वळली नाही.

ती शुद्धीवर आली तेव्हा सून तिच्या पायाशी बसून रडत होती. 'हावू' म्हणजे साप, हे तिला आता कळलं होतं. आपण काय समजलो, ते तिने नवऱ्याला सांगितलं आणि त्याने आईला.

सासूने सुनेकडे पाहिलं. नाग डसला तेव्हाही तिचा चेहरा असा झाला नव्हता.

"चार शेंगांवरून मी तुला बोलेन," ती हळूच म्हणाली, "असं वाटलं तुला?"



तात्पर्य: सारखे शब्द परकी भाषा लवकर शिकवतात, पण मनाला लागलेल्या शब्दाचा अर्थ आधी विचारावा आणि मग रागवावं.