श्वासाएवढा कॅमेरा

फार वर्षांपूर्वी ऐकलेला एक आवाज जोमाबाबाच्या कानांतून कधी गेला नाही. होडीच्या कोरड्या फळ्यांवर शेपटी आपटल्याचा आवाज. धप्प. मग थोडं थांबून, धप्प. मग इतका वेळ काहीच नाही की माणसाला वाटावं, संपलं. आणि पुन्हा एकदा, हलकेच, धप्प. तेव्हा तो पंचविशीत होता. गळाला हातभर लांबीचा जिताडा लागला होता आणि धक्क्यावर जमलेल्या गावाला तो कसा लागला, दोर कसा कापत गेला, हे जोमा हात नाचवून सांगत होता. लोक ऐकत होते, तोही सांगत सुटला होता. मासा चिरला तेव्हा पोटातून ताटभर गाभोळी, म्हणजे माशाची अंडी, निघाली. त्या दिवशी जोमा जेवला नाही.

तेव्हापासून त्याने स्वतःपुरता एक नियम केला. खाडीच्या बांधाला पाणी आतबाहेर सोडायचं एक लाकडी दार असतं, त्याला तिकडे उघाडी म्हणतात. भरतीओहोटीच्या सांध्यावर मोठे जिताडे तिथे येतात. आषाढ-श्रावणात त्या उघाडीवर गाभोळीची मादी लागली, तर ती जिवंत परत पाण्यात सोडायची. आधी गाव हसलं. मग हसायचं थांबलं. तो म्हातारा झाल्यावर लोक त्याला विचारूनच उघाडीवर गळ टाकू लागले.

अशा त्या उघाडीवर एकदा एक शिष्य आला. नाव श्रीरंग, वय पस्तिशीचं, तालुक्याच्या गावी जमिनीचे नकाशे काढणारा. रविवारी एकटाच यायचा, तासन् तास न बोलता बसायचा. जोमाबाबाला तो आवडला. त्याने त्याला गाठ मारायला शिकवली, पाण्याचा रंग वाचायला शिकवला आणि नियमही सांगितला. श्रीरंगने तो मनापासून पाळला.

पण पाळला तसा त्याचा त्रास सुरू झाला. एकट्याने धरलेला आणि एकट्याने सोडलेला मासा जगात दाखवायचा कसा? कचेरीतले लोक विचारत, "काय श्रीरंगराव, कालचा केवढा?" तो हाताने दाखवी. "आणि मग सोडलात! वा! आम्हीपण काल एक वाघ सोडला." सगळे हसत. श्रीरंग हसल्यासारखं करी आणि नकाशावर मान खाली घाली.

एका सोमवारी तो सकाळीच धावत जोमाबाबाच्या अंगणात आला.

"बाबा, काल एवढी मोठी मादी लागली! सोडली. पण आता कुणी खोटं म्हणणार नाही. हा बघा फोटो."

जोमाबाबाने मोबाइल हातात घेतला. श्रीरंग छाती पुढे काढून उभा होता, हातात मोठी जिताडी. जोमाबाबा बराच वेळ तिच्याकडेच बघत राहिला.

"तू तर एकटा होतास. फोटो काढला कुणी?"

"मोबाइल दगडावर ठेवला. बटण दाबलं की दहा सेकंद मिळतात. धावत जायचं, मासा उचलायचा, उभं राहायचं. पहिल्यात नुसते माझे पायच आले. दुसऱ्यात मोबाइल घसरला. मग मध्ये तिने उडी मारली, चिखलात पडली. चौदाव्यात सगळं जमलं होतं, पण माझे डोळे मिटले होते."

"मग?"

"मग काय, पुन्हा काढला. हा सतरावा."

"तुझे डोळे मिटले म्हणून पुन्हा काढला," जोमाबाबा सावकाश म्हणाला. "तिला पापण्या नाहीत रे. तिला मिटायचे असते, तरी मिटता आले नसते."

तो उठला आणि श्रीरंगला घेऊन उघाडीकडे चालू लागला. ओहोटी लागली होती. दाराखालच्या दगडांत ती मादी पांढरं पोट वर करून अडकली होती. एका कुशीला चिखल वाळला होता आणि पाठीवरचे खवले जिथे बोटं रुतली होती तिथून निघाले होते. कावळे आधीच येऊन गेले होते.

श्रीरंगचा चेहरा उतरला. "पण बाबा, मी सोडली तेव्हा ती..."

"सोडली नाहीस. टाकलीस." म्हाताऱ्याचा आवाज चढला नाही, पण थरथरला. "खाल्ली असतीस तरी मी इतका रागावलो नसतो. कुणाचं पोट भरलं असतं. हे कशासाठी केलंस? कचेरीतल्या चार टवाळांची तोंडं बंद करायला? तिच्या पोटात किती पिल्लं होती, ठाऊक आहे? तुझ्या सगळ्या कचेऱ्यांत मिळून तेवढी माणसं नाहीत!"

आता बाबा 'पुन्हा येऊ नकोस' म्हणणार, असं श्रीरंगला वाटलं. पण जोमाबाबाने भलतंच सांगितलं.

"शनिवारी तालुक्याला येतो. तुझा कॅमेरा आपण निवडू. तुझा शब्द कुणी मानत नाही, याचं दुःख मला कळतं. तेव्हा फोटो काढ, माझी ना नाही. पण कॅमेरा नीट निवडता आला नाही, तर या बांधावर पाय ठेवायचा नाही."

शनिवारी दोघे बाजारपेठेतल्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. जोमाबाबाच्या काखेत गोणपाटाची एक गच्च वळकटी होती. दुकानदार गोड बोलणारा होता. मासे धरणाऱ्यासाठी कॅमेरा हवा म्हटल्यावर त्याने मोठ्या भिंगाचा, काळाभोर, भारी कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर चढवला. "साहेब, खवला न् खवला मोजून घ्या. आणि चेहऱ्यावर काय तेज येतं! समोर कुणी नको. इथे टायमर लावा, इथे उजेड ठरवा, इथे चेहरा ओळखायला सांगा. एका मिनिटाचं काम."

"शेठ, एक बादली पाणी मिळेल?" जोमाबाबाने विचारलं. "आणि साबणाची वडी?"

"प्यायला हवंय का आजोबा?"

"नाही. बादली."

दुकानदाराने नाइलाजाने मागून बादली आणवली. जोमाबाबाने वळकटी पाण्यात बुडवली, तिला साबण चोळला आणि ती बुळबुळीत, गळती, जड वळकटी श्रीरंगच्या हातांत दिली. मग तो बादलीपाशी गुडघे टेकून बसला.

"ही तुझी जिताडी. हिच्यासकट तुझा एक फोटो काढ. निघाला की माझ्या पाठीवर थाप मार. तोवर मी डोकं वर काढणार नाही."

आणि पंच्याहत्तर वर्षांच्या त्या माणसाने भर दुकानात बादलीत तोंड घातलं.

"अहो आजोबा! अहो, हे काय!" दुकानदार ओरडला. "साहेब, आवरा यांना!"

श्रीरंगला मात्र बाबा ठाऊक होता. तो कॅमेऱ्याकडे धावला. वळकटी एका बगलेत धरली तर घसरली. खाली वाकून उचलली तर साबणाचं बोट पडद्यावर उमटेना. टायमर सापडला तो दोन सेकंदांचा. तो उभा राहायच्या आत कॅमेरा वाजला आणि चित्रात नुसतं छत आलं. पुन्हा बटण. पडद्यावर काहीतरी विचारलं गेलं, हो की नाही. "हो दाबा, हो!" दुकानदार म्हणाला. "नाही, आधी मागे जा!" बादलीतून बुडबुडे आले. आधी मोठे, मग बारीक, मग यायचे थांबले. म्हाताऱ्याची बोटं बादलीच्या कडेवर पांढरी पडली होती.

श्रीरंगने वळकटी भिरकावली. धक्का लागून स्टँड कलंडला, दुकानदाराने झेप घेऊन कॅमेरा कसाबसा झेलला. श्रीरंगने बाबाला दोन्ही खांद्यांनी धरून वर ओढलं.

जोमाबाबा ठसकला. दाढीतून पाणी ओघळत होतं आणि डोळे लाल झाले होते. पण त्या डोळ्यांत थकव्यापेक्षा संताप जास्त होता.

"फोटो निघाला?"

"नाही बाबा."

"मग मला वर का काढलंस?"

"का म्हणजे? बाबा, तुमचा जीव..."

"माझा जीव!" म्हाताऱ्याने ओली मूठ जमिनीवर आपटली. "माझ्यासाठी एका फोटोतच सगळं फेकून धावलास. तिच्यासाठी सतरा वेळा नाही धावलास. का? मी बुडबुडे काढतो म्हणून? मला तुझ्या भाषेत ठसकता येतं म्हणून? पाण्याबाहेर तिचं तसंच होतं रे, जसं माझं पाण्याच्या आत. तिच्या गळ्यातून आवाज निघत नाही, म्हणून तुला मोकळीक मिळाली, असं वाटलं का तुला?"

दुकानातली गिऱ्हाइकं भोवती जमली होती. जोमाबाबाने पंच्याने तोंड पुसलं. पुढचं तो हळू बोलला.

"कॅमेरा तुझ्या हौसेच्या मापाने घेऊ नकोस, पोरा. आपण ज्याला हातात धरतो, त्याच्या एका श्वासात जेवढं मावतं, तेवढाच कॅमेरा आपला. शेठ, ओल्या हाताने चालेल, पाण्यात पडला तरी चालेल आणि दोन्ही हात माशाला लागलेले असताना आपलं आपण काम करील, असं काही आहे तुमच्याकडे?"

दुकानदाराने मोठा कॅमेरा पुसत पुसत खालच्या खणातून एक आगपेटीएवढी वस्तू काढली. "हे आहे. सायकलवाले छातीला पट्ट्याने बांधतात. एकदा चालू केलं की दर दोन सेकंदांनी आपोआप फोटो काढत राहतं. पाण्याला भीत नाही. मासा पाण्यातच धरलात, तरी फोटो निघेल." मग त्याने श्रीरंगकडे वळून आवाज खाली आणला. "पण साहेब, मी तुम्हाला फसवणार नाही. ते छातीवर असणार, म्हणजे तुमचा चेहरा कधीच येणार नाही. नुसते हात आणि मासा. हात काय, कुणाचेही असतात. लोक विचारतील, हे तुम्हीच कशावरून?"

श्रीरंगचा हात त्या लहान कॅमेऱ्यावरच थबकला. कचेरीतलं हसणं त्याला ऐकू आलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले. त्याने मोठ्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. जोमाबाबाने मान फिरवली. या वेळी तो काही सुचवणार नव्हता.

दुकानदार पुढे झाला. "माझं ऐका. मोठाच घ्या. हाताला सवय झाली की खरोखर एकच मिनिट लागतं."

"एकच मिनिट?" श्रीरंगने विचारलं.

"एकच."

"मग काढा माझा एक."

एवढं बोलून श्रीरंग बादलीपाशी बसला आणि त्याने तोंड पाण्यात घातलं.

दुकानदार गडबडला. पण इतक्या जणांसमोर माघार कशी घेणार? त्याने स्टँड उभा केला, भिंगावरचं झाकण शोधलं, तर ते आधीच काढलेलं होतं. उजेड बघितला, पडद्यावरचा साबण पुसला. "झालंच हं... एक सेकंद... साहेब, थोडं इकडे सरकता का?" बोलून झाल्यावर त्याला कळलं, आपण कुणाशी बोलतोय. मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. श्रीरंगची मान ताठ झाली होती आणि पाठ वरखाली होऊ लागली होती. जोमाबाबाचा हात त्याच्या पाठीकडे गेला आणि वाटेतच थांबला. त्याने तो मागे घेतला.

कॅमेरा वाजला तेव्हा श्रीरंगने डोकं वर काढलं. श्वास ओढताना त्याच्या छातीतून घरघर आली. दुकानदाराने अपराध्यासारखा पडदा पुढे केला. श्रीरंगने तो पाहिला नाही.

त्याने लहान कॅमेऱ्याची किंमत दिली, पट्टा शर्टावरून छातीला आवळला आणि उठला. आता तो पाया पडेल, 'चुकलो बाबा' म्हणेल, असं दुकानातल्या सगळ्यांना वाटलं. जोमाबाबालाही क्षणभर वाटलं.

पण जे समजलं त्याची माफी मागत बसायचं नसतं, पुढच्या वेळी ते हातांनी करून दाखवायचं असतं.

"साहेब, खोकं राहिलं!" दुकानदार म्हणाला.

श्रीरंग मागे वळला नाही. केसांतून पाणी गळत असताना तो पायऱ्या उतरला आणि खाडीच्या वाटेने चालू लागला.