महाराजांच्या पाठदुखीची चोरी

"माझी पाठदुखी कुठाय?" भुजंगराजे सिंहासनावरून गरजले.

कालच मालीशवाल्या गजराबाईनं राजांच्या पाठीवर पेटती वात ठेवून वर तांब्या पालथा घातला होता. वात विझली, तांब्या जळवेसारखा चिकटला आणि बारा वर्षांचा ठणका तासाभरात पसार! राजे दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढले होते.

पण दिवाण त्रिंबकपंतांनी कान भरले. "महाराज, दुखणं ओढून काढलं म्हणते, मग ते गेलं कुठं? राजाच्या अंगातली वस्तू म्हणजे सरकारी वस्तू. बाईनं चोरली!"

झालं! राजांना पटलं.

"गजरे, उद्या माझी पाठदुखी दरबारात हजर कर. सगळीच्या सगळी! पण मला कळ उठता कामा नये. नाही जमलं, तर या राज्यात कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही!"

मालीश सोडून गजराला दुसरं काय येत होतं? घरी येऊन कणीक मळायला बसली. मळता मळता हात थांबला, अन् बाई एकटीच खुदकन हसली.

सकाळी दरबाराच्या दारातच तिनं ताटात ओल्या कणकेचं कडं थापलं, मधे वात पेटवली, वर तांब्या दाबून पालथा घातला आणि ताट घेऊन आत गेली.

"आणली, महाराज! तांब्यात कोंडलीय."

"रिकामा आहे तांब्या!" पंत खेकसले.

"मग उचला की, दिवाणजी."

पंतांनी तांब्या उचलला, तर ताटही वर आलं! हलवलं, झटकलं. सुटेना! दरबार दोन पावलं मागं सरला.

"रिकामा तांब्या असा धरून बसतो होय? आत पाठदुखी नखं रोवून बसलीय!"

"उघड!" राजे म्हणाले.

"उघडते की! पण सुटली की जवळची पाठ धरणार. महाराजांना तर कळ नको. सरकारी वस्तू ताब्यात घ्यायची कुणी? ज्यांनी चोरी पकडली त्यांनीच ना!" गजरानं कणकेला नख लावलं.

"थांब, बये!" पंतांनी झटक्यात वाकून ताट खाली टेकवलं अन् खांबामागं पळाले. "आहे! आत आहे!"

"सगळी आहे का? नीट बघा हं!"

"सगळी! सगळी!" पंत कंबर धरून ओरडले. "आई गं!"

राजे इतके हसले की सिंहासनावरून घसरले, आणि आपले आपणच टुणकन उठले!

"गजरे, हे माझ्या हातातलं सोन्याचं कडं तुझं, आणि नवा चांदीचा तांब्याही! हा जुना पंतांच्या उशाशी ठेवा. सरकारी वस्तू आहे, सांभाळा!"

"आणि महाराज, आत्ता पंतांची कंबर धरलीय, तिचं काय?"

"ती त्यांची खाजगी!" राजे पोट धरून म्हणाले. "तिचे दुप्पट पैसे घे!"