पाळीखालचे एकले घर

कवडीटोल्याचे तळे पाहायला येणाऱ्याला दोन गोष्टींचे नवल वाटते. धानाच्या या मुलखातल्या जुन्या मालगुजारी तळ्यांच्या पाळींवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या बांधांवर, आता बहुधा झाडझुडूप माजलेले दिसते. इथल्या पाचशे पावलांच्या मातीच्या पाळीवर मात्र गवताखेरीज काही नाही. आणि सारे गाव टेकाडावर दाटीने वसलेले असताना तळ्याच्या मालकाचे घर तेवढे पाळीच्या थेट पायथ्याशी उभे आहे. पाळ फुटलीच, तर पहिल्याने वाहून जाईल अशा जागी.

"उलटं दिसते ना?" नारबाजी शेंडे पाहुण्यांना विचारतात. या तळ्यात मासे धरणाऱ्या धिवरांतले ते आता सर्वांत वडील. "पहिले सुलटं होतं. मालक वर, आमी खाली." मग पाळीवर उकिडवे बसून ते सांगू लागतात. साल त्यांना ठाऊक नाही. आजीने सांगितले तेवढेच ते सांगतात.

हे तळे उदाराम कापगते नावाच्या, पिढीजात तळी बांधणाऱ्या कोहळी जातीतल्या मालगुजाराने स्वतःच्या जमिनीवर बांधले, असे म्हणतात. पाळीचे काम चालू असताना त्याच्या सात वर्षांच्या एकुलत्या मुलीने, मैनेने, ताज्या मातीत आंब्याची एक कोय पुरली. तळे पहिल्यांदा भरले त्याच वर्षी मैना तापाने गेली. तिची आई त्याआधीच गेलेली. कोय मात्र रुजली.

पाळीवर झाड वाढू देऊ नये, मुळांच्या कडेने पाणी वाट काढते, हे कोहळ्याला शिकवावे लागत नाही. इतरांच्या पाळींवरची रोपे उदारामने स्वतः उपटली होती. या एका रोपाला मात्र त्याने काटेरी कुंपण केले. वीस वर्षांत त्याचा डेरेदार आंबा झाला. रोज दिवस कलताना उदाराम त्याच्याखाली जाऊन बसे आणि दिवसभरातले सारे हळू आवाजात त्याला सांगे. त्या वेळी पाळीवर कोणी फिरकत नसे.

पाळीखाली तेव्हा धिवरांची सात घरे होती. त्यांतली झेलीबाई ही विधवा पाळीची राखण करी. मातीची पाळ थोडी पाझरतेच, त्याला कोणी भीत नाही. पाहायचे ते पाझराचे पाणी. झेलीबाई रोज सकाळी काशाच्या थाळीत ते धरी, थाळी स्थिर ठेवी आणि घटकाभराने तळ पाही. तळ लख्ख दिसला तर ते नुसते पाणी. तळाशी माती बसली, तर पाळ आतून कणाकणाने निघून चालली.

एका श्रावणात आंब्याच्या बरोबर खाली नवा पाझर फुटला. पाणी अजून नितळ होते, तरी झेलीबाई टेकाड चढून मालकाकडे गेली. तळे थोडे उतरवा, झाड काढा, एवढेच तिने मागितले.

"वीस वर्सं झाली," उदाराम म्हणाला. "झाडबी उभं हाये, पाळबी उभी हाये."

"हो ना. झाड तुमचं, पानी तुमचं. उशी मातर आमची," झेलीबाई म्हणाली. "चार दिस निजून पाहा ना मालक, पाळीखाली."

हा टोमणा त्याला झोंबला. त्याने सातही घरांतली माणसे आपल्या अंगणात आणून ठेवली, आणि एक घोंगडी व झेलीबाईची थाळी घेऊन तो खाली उतरला.

वीस वर्षे त्याने पाळ वरून पाहिली होती. झेलीबाईच्या दारातून पाहताना ती अर्धे आभाळ व्यापून उभी होती, आणि आंब्याचा नुसता शेंडा दिसत होता. तीन सकाळी थाळीचा तळ लख्ख निघाला. तो मनाशी हसलाही म्हणे; पण हसून दाखवायला जवळ कोणी नव्हते.

चौथ्या सकाळी तळ अंधुक दिसला. बोट फिरवले, तर हळदीसारखी मऊ माती बोटाला लागली. त्याने थाळी विसळून पुन्हा भरली. पुन्हा माती. तिसऱ्यांदा भरली, तरी तेच. पाहणारे कोणी नव्हते; थाळी धुऊन पालथी घातली असती, तर कोणाला कळलेही नसते. दिवस कासराभर वर येईपर्यंत तो ती थाळी मांडीवर घेऊन बसला होता, असे सांगतात.

मग तो उठला, फावडे घेऊन पाळीच्या टोकाला गेला आणि कोणालाही हाक न मारता सांडवा खोल करू लागला. पाण्याचा आवाज ऐकून गाव धावत आले. झेलीबाईने थाळीत पाहिले आणि दुसरे फावडे उचलले. तळे रिते झाले. त्या वर्षी धान करपले, त्याचे सर्वांत आधी.

चिखल सुकून पाय ठरू लागल्यावर त्याने आंबा काढला. दुसऱ्या कोणाला कुऱ्हाड लावू दिली नाही. एकोणीस दिवस तो मुळामागून मूळ खणत होता. एक मूळ पाळ भेदून आरपार गेले होते आणि त्याच्या कडेने मूठभर रुंद पोकळी पडली होती. खोडाच्या तळाशी कोयीचे टरफल जसेच्या तसे सापडले म्हणे. यावर मात्र नारबाजी फार भर देत नाहीत. खड्डा साऱ्या गावाने चिकणमातीचे थर पायांनी तुडवून भरला.

मग बोचके घेऊन झेलीबाई आपल्या घरी परतली. "मालक, उठा आता. पाळ बरी झाली."

"बरी हाये असं पहिलेबी मीच म्हनलो होतो, बाई," उदाराम म्हणाला. "ज्याचं पानी, त्याची उशी पाळीखाली. तुमी वरच राहा."

तो पुन्हा वर राहायला गेला नाही. रोज सकाळी पाझर पाहून, तळ लख्ख असला की तो थाळी रिती करून तिच्यावर तीन टोले देई, म्हणजे वरच्यांना कळे. त्याचे सारे बोलणे पुढे एवढेच उरले, असे सांगतात.

आता त्या घरात त्याच्या भावकीतल्या, तळ्याच्या आताच्या मालकीण कौतिकाबाई राहतात, सत्तरीच्या. मुले नागपूरला बोलावतात. त्या जात नाहीत. खासगी बंधारे तपासायला आलेल्या साहेबाने पाळीच्या सुरक्षेची तजवीज काय, असे विचारले, तेव्हा त्यांनी त्याला आत नेऊन आपली खाट दाखवली होती.

आजही पावसाळ्यात कवडीटोल्यात सकाळी चूल पेटवण्याआधी बायका हात थांबवून कान देतात. खालून तीन टोले येतात, मग टेकाडावरच्या घराघरांतून धूर निघू लागतो. पाळीखालच्या घरातला धूर सर्वांत शेवटी.